एशच्या खोडावरचा शेंदूर

मला जंगलाची भीती वाटते, हे आधीच सांगून टाकते. पुण्यात वाढलेल्या माणसाला टेकडीची सवय असते, आणि टेकडीवर कसं, चार माणसं पुढे असतात, चार मागे, कुणीतरी मोबाइलवर मोठ्याने गाणी लावलेली असतात. स्टुटगार्टला आमच्या बिल्डिंगमागचा चढ संपला की थेट जंगल. आत शिरलं की पाच मिनिटांत आपल्या पावलांशिवाय आवाज नाही. रानडुक्कर समोर आलं तर काय करायचं हे मी आल्या आल्या गुगल केलं होतं, आणि उत्तर वाचून पुढची सहा वर्षं आत पाऊल टाकलं नव्हतं.

मला आत नेलं ते खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंनी. वय बहात्तर, आयुष्यभर नर्स, नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. माझी मुलगी त्यांना ओमा म्हणते, म्हणजे आजी. मला त्यांनी दुसऱ्याच भेटीत ‘डू’, म्हणजे ‘तू’, म्हणायला लावलं, पण माझ्या तोंडी डू आलं तरी मनात तुम्हीच असायचं. बाई स्वतःला हायडिन म्हणवून घ्यायच्या. चर्चवाल्यांनी ‘धर्म न मानणारी’ म्हणून दिलेली शिवी, ती यांनी अंगरख्यासारखी घातली. ख्रिस्ती धर्म यायच्या आधी इथले लोक ज्या देवांना आणि झाडांना मानायचे, त्यांना या आणि आणखी चार जण मानत. पाच जणांचं मंडळ, बस्स.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलेच. जुने जर्मन देव, जुनी चिन्हं म्हटल्यावर आपल्या रंगाच्या माणसाच्या डोक्यात पहिलं काय येणार? मी सरळ विचारलं, तुम्ही त्या नाझींतल्या नाही ना? त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “त्या लोकांनी आमचे देव चोरले. आमच्या झाडाखाली त्यातला कुणी आला तर मी त्याला बाहेरची वाट दाखवते, आणि दोनदा दाखवलीही आहे.” मग मला कॉफी दिली. तेव्हापासून आमचं जमलं.

त्यांचं झाड म्हणजे एक एश. आपल्याकडे हे झाड नाही, त्यामुळे मराठी नाव मला माहीत नाही. सरळसोट, उंच, करड्या सालीला उभ्या भेगा. बाईंच्या लोकांच्या जुन्या कथेत सगळं जग अशाच एका एशवर तोललेलं आहे, आणि त्याच्या मुळाशी एक विहीर आहे. तिथे तीन बायका रोज पाणी काढतात आणि विहिरीकाठची पांढरी माती खोडाला लिंपतात, झाड कुजू नये म्हणून. आता स्टुटगार्टात विहीर कुठून आणायची? बाई बाटलीतून नळाचं पाणी न्यायच्या, आणि पांढऱ्या मातीसाठी औषधी माती, पोट बिघडलं की इथले लोक पाण्यात कालवून पितात ती, केमिस्टकडे डब्यात मिळते. दर शनिवारी मुळाशी पाणी, खोडाला मातीचा एक हात, आणि दोन शब्द.

ते दोन शब्दच खरं अवघड काम होतं. जुन्या प्रार्थना फारशा उरलेल्या नाहीत, आणि ज्या तुकड्यांत उरल्यात त्यांत लढाया आणि रक्त. बाई एकेक ओळ घेऊन स्वयंपाकघराच्या टेबलावर बसायच्या आणि खोडायच्या. “चाळीस वर्षं वॉर्डात रक्त पुसलं, आता देवाकडे ते नको,” म्हणायच्या. जिथे विजय असेल तिथे त्या ‘टिकून राहणं’ घालायच्या. मी समोर भाजी निवडत बसायचे. मला विचारायच्या, तुम्ही झाडाशी कसं बोलता? मी वटपौर्णिमेचं सांगितलं. फेऱ्या त्यांना फार आवडल्या, त्यांनी तीन घेतल्या. सात जन्म तोच नवरा हे ऐकल्यावर मात्र त्यांनी हात वर केले. “एक पुरला!”

एक गोष्ट मला शेवटपर्यंत पटली नाही. त्या झाडाकडे काही मागायच्या नाहीत. ताठ उभं राहायचं, काय आणलंय ते सांगायचं, द्यायचं, घरी यायचं. मी म्हटलं, अहो, मग एवढं चढून जायचं कशाला? आमच्याकडे आधी मागणी, मग नारळ! त्या खो खो हसल्या.

गेल्या ऑक्टोबरात त्यांच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मातीचा डबा आणि प्रार्थनेचा कागद माझ्या हातात दिला. म्हणाल्या, “चार शनिवार तू जा. मंडळातले बाकीचे लांब राहतात. आल्यावर मला पहिल्यांदा तिथेच जायचंय.” माणूस ऑपरेशनला घाबरतो तेव्हा कुठल्या तरी एका गोष्टीला धरून ठेवतो. त्यांनी ते झाड धरलं होतं, आणि सांभाळायला माझ्याकडे दिलं होतं.

पहिले दोन शनिवार मी गेले. धुकं, ओली पानं, आणि मी मोठ्याने जर्मन प्रार्थना म्हणतेय, म्हणजे डुकरांनाही कळावं की कुणीतरी येतंय. दुसऱ्या वेळी माती संपली. आणू सावकाश, म्हटलं, आहेत अजून सात दिवस.

तिसऱ्या आठवड्यात, रविवारी सकाळी, त्यांच्या वॉर्डातून फोन आला. तातडीला कळवायला त्यांनी माझं नाव दिलं होतं. ऑपरेशन नीट झालं होतं, पण रात्रीत ताप चढला होता, जंतुसंसर्ग, परत अतिदक्षता विभागात नेलं होतं. आदल्या दिवशीचा शनिवार मी मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमात घालवला होता. म्हटलं, जाऊ उद्या, झाड काही पळत नाही. आता मी चुकवला आणि ताप आला, हेच डोक्यात. नवरा म्हणाला, “अगं, काहीतरीच काय!” इंजिनिअर माणूस, त्याला काय सांगायचं.

मातीचा डबा रिकामा, आणि रविवारी या देशात सुईसुद्धा विकत मिळत नाही. मी देवघरापाशी उभी राहिले. सासूबाईंनी पाठवलेली शेंदराची पुडी तिथे होती, शनिवारच्या मारुतीसाठी. म्हटलं, त्या पांढरं लिंपतात, आपण केशरी लिंपू. देवाला लिंपणं महत्त्वाचं, रंगाचं काय एवढं? आपल्याकडे वेशीवरच्या दगडाला शेंदूर लागला की त्याला कुणी हात लावायची हिंमत करत नाही. वाटीत तेल घालून शेंदूर कालवला, आणि धावत चढ चढले.

एशच्या खोडाला, छातीच्या उंचीवर, तळहाताएवढा ठसठशीत पट्टा ओढला. आणि ताठबीठ काही उभी राहिले नाही. वाकून कपाळ टेकलं आणि मराठीत मागितलं. बाबा, त्यांना परत आण. त्यांना आण, मी जन्मभर तुला पाणी घालीन.

मंगळवारी ताप उतरला. मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये रडले. लोकांना वाटलं, नोकरी गेली. बुधवारी त्यांना भेटायला गेले. नळ्यांमध्ये इवल्याशा दिसत होत्या. पहिलं वाक्य: “झाड कसं आहे?” मी म्हटलं, “एकदम छान.” आणि ते खरंच होतं, बुधवारी.

गुरुवारी दुपारी घरी परतताना वरून करवतीचा आवाज ऐकला. जंगलाच्या तोंडाशी लाल-पांढरी पट्टी बांधलेली, बाजूला फलक: वृक्षतोड चालू, जिवाला धोका, आणि वनखात्याच्या ऑफिसचा नंबर. इथल्या एशना काही वर्षांपासून बुरशीचा रोग लागलाय, वरून वाळत येतात, मग फांद्या वाटसरूंच्या डोक्यावर पडतात. म्हणून रस्त्याकडेची रोगट झाडं काढत होते. बाईंनी हे मला सांगितलं होतं, आणि आपलं झाड निरोगी आहे, वनाधिकाऱ्याने बघून सोडलंय, हेही सांगितलं होतं. त्यामुळे आधी मी निर्धास्त होते. मग पट्टीपलीकडे रचलेली खोडं पाहिली. प्रत्येक खोडावर, छातीच्या उंचीवर, केशरी-लाल रंगाचा एक पट्टा.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना हसायला वापरली होती. ज्या खुणेनं आपल्या गावात झाड वाचतं, त्याच खुणेनं इथे ते मरतं, आणि ती खूण मी माझ्या हाताने, तेलात कालवून, मनोभावे लावून आले होते.

पट्टीखालून आत गेले. डुकरं वगैरे सगळं विसरले. झाड अजून उभं होतं, आणि त्याच्यावर शेंदूर लांबूनही असा दिसत होता की आंधळ्यालाही दिसावा. ओढणीने पुसला. तेलाचा शेंदूर तो, पुसल्याने पसरला. शुक्रवारी सुट्टी घेतली, तारेची घासणी आणि भांड्याचा साबण घेऊन पुन्हा गेले. रंग निघाला तर कुणाला काही सांगावंच लागणार नाही, असं वाटत होतं. कामगार पलीकडच्या उतारावर होते, त्यांच्या करवतीचा आवाज थांबला की मी घासणी तशीच धरून कानोसा घ्यायचे. घासून घासून बोटांची सालं निघाली, सालीच्या भेगांमधला रंग निघाला नाही. तळहाताएवढा होता तो आता ताटाएवढा झाला.

नवऱ्याला फोन केला. आमचा नागरिकत्वाचा अर्ज त्या वेळी आत होता. दीड वर्ष रांगेत, सगळी कागदपत्रं दिलेली, नुसत्या उत्तराची वाट. तो हळू आवाजात म्हणाला, “हे बघ, सरकारी झाडाला रंग फासलाय तू. मालमत्तेचं नुकसान धरतील. पोलिसांकडे गेलं तर आपली फाइल अडकेल. नाव देऊ नकोस हं कुठे.” त्याच्या कंपनीत माणसं कमी करत होते, त्यालाही झोप नव्हती. मी त्याच्यावर चिडले, अरे, एका झाडाचा जीव जातोय! पण भीती सर्दीसारखी असते, एकाला झाली की घरातल्या सगळ्यांना होते.

शुक्रवार, दुपारचे अडीच. फलकावरचा नंबर लावला. मशीन बोललं: कार्यालय बंद झालंय, सोमवारी आठला उघडेल, कृपया आपलं नाव, पत्ता आणि काम सांगा. मग ती लांब शिटी वाजली.

माझ्या मनात जर्मन वाक्य तयार होतं. चार वेळा घोकलं होतं. नाव म्हणायला तोंड उघडलं, आणि डोळ्यांसमोर आला तो आमच्या फाइलवरचा शिक्का, पोरीचा पासपोर्ट, परत गाशा गुंडाळून जायचं विमान. तिकडे मशीन ऐकत होतं, माझा श्वास त्यात जात होता. मी फोन बंद केला.

स्वतःला म्हटलं, सोमवारी आठच्या ठोक्याला माणसाशी बोलू, समजावून सांगू, मशीनला काय कळतंय. शनिवार गेला, करवत वाजली नाही. रविवार गेला. मी एक चिठ्ठी लिहून झाडाला बांधून आले, “हे झाड तोडू नका, रंग चुकून लागलाय.” खाली नाव नाही. रविवारी संध्याकाळी पाऊस लागला.

सोमवारी पावणेआठला मी फोन हातात घेऊन बाल्कनीत उभी होते. मुलगी दप्तर भरता भरता म्हणाली, “मामा, वास इस्ट?” आई, काय झालं म्हणून. तिला काही नाही म्हटलं, आणि तेवढ्यात वर करवत सुरू झाली. कामगार सातला येतात, हे मला कोण सांगणार? मी चपलांवरच धावले. वळणावर पोचले तेव्हा आवाज थांबला होता, आणि मग तो दुसरा आवाज आला, लांबलचक कडकड आणि जमिनीतून पायात शिरणारा दणका. एश आडवा पडला होता. शेंदूर वरच्या बाजूला होता.

वनाधिकारी तिथेच होता, उंच, तरुण, मिशीवाला. मी धापा टाकत सगळं सांगितलं, नावासकट, न विचारता. त्याने यादी काढली, बोट फिरवलं, आणि त्याचा चेहरा पडला. हे झाड यादीत नव्हतं. कामगार खूण बघून तोडतात, यादी बघून नाही. तो माझ्यावर ओरडला नाही. नुकसानीचं नाव काढलं नाही, पोलिसांचं तर नाहीच. फक्त म्हणाला, “फोन करायचा होता. मशीनवरचे निरोप मी दर रविवारी संध्याकाळी ऐकतो. एवढ्यासाठीच ते ठेवलंय.”

मी मान हलवली. मी फोन केला होता, हे त्याला सांगितलं नाही.

बाईंना सांगायला मी आठ दिवस घेतले. रोज दवाखान्यात जाताना ठरवायचे, आणि रोज त्या विचारायच्या, झाड कसं आहे, आणि मी म्हणायचे, हो, हो, छान. त्या नळ्यांतून सुटून खुर्चीत बसायला लागल्या, तेव्हा सांगितलं. शेंदूर, खुणा, करवत. त्यांच्या गळ्याशी टाक्यांची पट्टी होती, ती वरखाली होत होती, आणि मला वाटलं, आता यांचं काही झालं तर तेही माझ्या हातून. मग त्यांनी माझा हात शोधला. “तू माझ्यासाठी लावलास,” म्हणाल्या. “तुला माहीत नव्हतं. ज्याला माहीत नसतं त्याचा दोष नसतो.” आणि माझ्या सोललेल्या बोटांवरून हात फिरवत राहिल्या. त्यांनी मला माफ केलं ते रविवारबद्दल, आणि शुक्रवारचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

डिसेंबरात, वर्षातला सगळ्यात छोटा दिवस आला तेव्हा, मंडळ खोडापाशी जमलं. आता ते कापलेलं बूड होतं, गुडघ्याएवढं. बाई काठी टेकत, माझा दंड धरून वर आल्या होत्या, दहा पावलांना एकदा थांबत. दुपारचे साडेतीन, उजेड आताच मावळायला लागलेला. त्यांनी त्या दिवसासाठी प्रार्थना नव्याने बसवली होती. झाड जगाला धरतं असं जिथे होतं, तिथे आता ‘जे पडलं त्यानेही धरलं होतं’ असं होतं. आणि शेवटी एक ओळ माझ्यासाठी: परक्या भूमीतून आलेल्या हाताने प्रेमाने रंग दिला, त्या हाताला शांती असो. चौघांनी माझ्याकडे बघून मान झुकवली. एका आजोबांनी खांद्यावर थोपटलं. मला वाटलं, ते बूड फाटावं आणि मला आत घ्यावं.

मग त्यांच्या रीतीप्रमाणे शिंगाचा प्याला फिरला, आत सफरचंदाचा रस. ज्याच्या हाती प्याला येईल त्याने मनातलं खरं बोलायचं, आणि प्यायचं. कुणी आईबद्दल बोललं, कुणी दारू सोडल्याबद्दल. प्याला माझ्याकडे आला. आणि मी बोलले. मराठीत बोलले, भराभरा, बुडाकडे बघून. मी घाबरले. फोन लावला होता आणि घाबरून बंद केला. नाव सांगितलं असतं तर तू उभा असतास. माझ्या एका कागदासाठी मी तुला मारलं.

कुणाला काही कळलं नाही. एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, किती सुंदर भाषा.

उतरताना आम्ही दोघीच मागे राहिलो. पायवाट ओली, पानांनी निसरडी, आणि शेजारीणबाईंचा सगळा भार माझ्या दंडावर. त्या खुशीत होत्या. “तुझी प्रार्थना मला जर्मनमध्ये सांग ना,” म्हणाल्या. “पुढच्या वेळी आपण सगळे तीच म्हणू.”

मी उभी राहिले. खोटं एखादं वाक्य सहज सांगता आलं असतं, झाडा, शांत हो, वगैरे. त्यांनी ते जपून ठेवलं असतं आणि दरवर्षी पाच जण ते तोंडभर म्हणाले असते. मी म्हटलं, “करवत लागायच्या आधी, शुक्रवारी, मी वनखात्याला फोन केला होता. आमच्या पासपोर्टचं काही होईल म्हणून घाबरले, आणि न बोलता बंद केला.”

माझ्या दंडावरचा त्यांचा हात निघाला. त्यांनी काठी पुढे टेकली, दुसऱ्या हाताने कडेचं कुंपण धरलं, आणि त्या ओल्या उतारावरून एकेक पाऊल टाकत एकट्याच खाली जाऊ लागल्या. मी दोन पावलं मागे चालत राहिले, त्या घसरल्या तर धरता यावं म्हणून दोन्ही हात पुढे करून.